वर्षाला चार-साडेचार हजार किमीच गाडी चालते, तरी ऑईल बदलायचं का? (सोलापूर, पेट्रोल)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर १.२ पेट्रोल, २०१९ ची, सीएनजी नाही. एकूण रनिंग ३२,००० च्या आसपास. घर जुळे सोलापूर, दुकान नवी पेठेत, म्हणजे सकाळी आधी पोरांना शाळेत सोडायचं मग दुकान, दुपारी जेवायला कधी घरी येतो कधी नाही, रात्री परत, एवढंच. एका वेळी पाच-सहा किमीच्या वर गाडी जात नाही, एखादवेळ अक्कलकोट नाहीतर पंढरपूर झालं तर झालं. शेवटचं ऑईल बदलून १४ महिने झालेत पण त्यानंतर गाडी जेमतेम ४,८०० फिरलीय.

आता गोंधळ असा की प्रत्येकजण वेगळाच आकडा सांगायलाय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात १०,००० किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, म्हणजे माझं दोन महिने उलटून गेलं. गल्लीतला मिस्त्री म्हणतो ५,००० ला बदलायचंच, आणि सोलापूरच्या उन्हात पातळ ऑईल टिकत नाही म्हणून जाड, २०डब्ल्यू-५० ग्रेडचं टाकू म्हणतो. वडील म्हणतात ३,००० (त्यांच्याकडे पूर्वी पद्मिनी होती, तिचा हिशोब अजून डोक्यातून गेलेला नाही). आणि पुण्यातले मेव्हणे, त्यांची स्कोडा, ते म्हणतात १५,००० च्या आत हात पण लावू नको, सगळे लुटायला बसलेत.

ऑईल मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑईल तपकिरी दिसतंय, काळंकुट्ट नाही, लेव्हल पण दोन खुणांच्या मधे आहे. मग १०,००० होईपर्यंत थांबलं तर चालेल का? पैशाचा प्रश्न नाही असं म्हणणार नाही, पण इंजिन काम निघालं तर ते त्याहून परवडायचं नाही.

कडक_भाकरी

बदला की मालक, त्यात काय एवढा विचार. "जे आधी होईल ते" हे तुम्हीच लिहायलाय आणि १०,००० पर्यंत थांबू का हे पण तुम्हीच विचारायलाय. वर्ष आधी झालं, विषय संपला. मेव्हण्यांना पण त्यांच्या गाडीचं पुस्तक उघडायला लावा, तिथं पण १५,००० किंवा एक वर्ष असंच लिहिलेलं असणार, पुढचं अर्धं वाक्य कुणी वाचत नाही.

पाना_नंबर_१४

गॅरेज आहे माझं, त्यामुळं मी सांगितलं की लोक म्हणणार धंद्यासाठी सांगतोय, तरी सांगतो.

कमी चालणारी गाडी म्हणजे इंजिनला आराम असं सगळ्यांना वाटतं. गॅरेजला येऊन बघा एकदा. रोज हायवेला पळणाऱ्या गाडीचं टापेट कव्हर, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडलं तर आत नुसती सोनेरी झाक असते, स्वच्छ. आणि गावातल्या गावात फिरणारी, ऑईलकडं दोन-दोन तीन-तीन वर्षं कुणी बघितलंच नाही अशी गाडी उघडली की आत डांबर. कोपऱ्याकोपऱ्यात गाळ साचलेला असतोय. तो गाळ खाली चेंबरमधे, म्हणजे ऑईल साठतं त्या भांड्यात, उतरतो, पंपाच्या जाळीला बसतो, जाळी तुंबली की ऑईल वर चढतच नाही आणि मग पहिला मार कॅमला (व्हॉल्व उघडणारा दांडा), टर्बो असेल तर टर्बोला. टायमिंग चेनच्या गाड्यांना तर अजून वाईट, कारण चेनचा ताण धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनात ऑईलच्या प्रेशरवर चालतो, ऑईल खराब झालं की चेन पण घासते आणि टेन्शनर पण ढिला पडतो, सकाळी स्टार्ट केलं की खळखळ आवाज. गिऱ्हाईक म्हणतं कालपर्यंत गाडी चांगली होती. कालपर्यंत नव्हती मालक, तुम्हाला काल कळलं.

आणि आपल्याकडचा फुफाटा विसरू नका. उन्हाळ्यात विजापूर रोडनं जावा नाहीतर ऊस चालू असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं मागं आत गावात जावा, एअर फिल्टर काढून आपटला तर वाटीभर माती पडते. फिल्टरमधनं जी बारीक धूळ निसटते ती जाऊन बसते ऑईलमधेच, आणि ती घासकाम करती.

म्हणून मी सरसकट सगळ्यांना सांगतो, ५,००० ला ऑईल आणि ऑईल फिल्टर. कमी चालत असेल तर वर्षाला. नुकसान काय झालं तर एका डब्याचं.

पुणे_अपडाऊन

अण्णा मान आहे तुम्हाला पण ५,००० सरसकट हे जरा जास्तच होतंय. माझी डिझायर टूर, सीएनजी, सोलापूर-पुणे, कधी हैदराबाद. महिन्याला ५,००० च्या वरच जाते, म्हणजे तुमच्या हिशोबानं दर महिन्याला ऑईल बदली करत बसू, मग गाडी कशासाठी चालवायची, ऑईलसाठीच?

मी पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं चांगलं ऑईल टाकतो, १०,००० ला बदलतो, दर वेळी फिल्टर नवा, गाडी दोन लाखाच्या पुढं गेली, ऑईल खात नाही, धूर नाही. माझ्यासारखे कितीतरी जण असेच चालवतात. आणि एक सांगतो सीएनजीवर ऑईल लवकर काळं होतच नाही, ७-८ हजाराला पण पट्टीवर मधासारखं दिसतं. त्यामुळं काही पोरं १५-१५, २०-२० हजार ओढतात तेच ऑईल, ते मात्र चुकीचं, रंग चांगला दिसला तरी ऑईल आतून म्हातारं झालेलंच असतं.

पाना_नंबर_१४

तुझं बरोबर हाय की मग, तुला कोण म्हणलं दर महिन्याला बदल. तुझी गाडी एकदा सकाळी बाळ्यातनं बाहेर पडली की टेंभुर्णी, इंदापूर करत एका दमात पुण्याला. त्या इंजिनाला त्रासच नाही. मी या जुळे सोलापूरवाल्या भावाला सांगायलोय. ह्यांची गाडी आसरा चौकापर्यंत आली तरी अजून गार असती.

मोहोळकडचा

मधे बोलतो माफ करा, मी काही गाडीतला जाणकार नाही, शेतकरी माणूस. पण तुमचं सगळं भांडण किमीवरनं चाललंय ते बघून नवल वाटलं.

आमच्याकडं ट्रॅक्टरला किमी मोजतच नाहीत. मीटरला तास असतात. मॉडेलप्रमाणं अडीचशे तास, काहींना तीनशे, नव्यांना त्याहून जास्त पण असेल, तेवढे तास झाले की ऑईल उतरवायचं. कारण नांगरट करताना ट्रॅक्टर दिवसभर राबून पण वीस-तीस किमीच जातो आणि रिकामी ट्रॉली घेऊन रोडला पळाला तर तेवढंच अंतर तासाभरात. इंजिनाला काय माहीत खाली चाक किती फिरलं. इंजिन फिरलं किती ते खरं.

आता कारचं बघा. गावात नवी पेठ, सात रस्ता असल्या गर्दीतनं सहा किमी जायला वीस मिनिटं सहज जातात म्हणजे ताशी १८ चा वेग पडला. ४,८०० भागिले १८ केलं तर २६५ च्या वर तास इंजिन चाललंय. आणि ते पुण्याचे भाऊ हायवेला ताशी ६०-६५ नं पडले तरी १०,००० किमीला दीडशे-पावणेदोनशे तासच. म्हणजे ज्याचे किमी निम्मे त्याच्याच इंजिनाचे तास जास्त! त्यात गड्डा यात्रेच्या दिवसात होम मैदानाच्या बाजूला अडकलं की गाडी जाग्यावर उभी, इंजिन चालू, एसी चालू, किमी शून्य.

ट्रॅक्टरचा आकडा कारला जशाच्या तसा लावा म्हणत नाही, दोन्हीचं काम वेगळं, ऑईल वेगळं. पण मोजायचं काय ते तरी सरळ होईल.

जुळे_सोलापूरकर

दादा हे तर कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे मेव्हण्यांचे १५,००० आणि माझे ५,००० जवळपास सारखेच की.

डाईंगवाला

मोहोळच्या दादांनी मुद्द्याला हात घातला. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाईंगमधे केमिकलचं बघतो, गाडी दुरुस्तीतलं अण्णांइतकं कळत नाही पण ऑईलच्या आत काय होतं ते थोडं सांगतो, कारण त्याच्यावरून कळेल की तास पण पूर्ण उत्तर नाही, तास कसले होते ते पण बघावं लागतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. खोटं वाटेल पण हिशोब तसाच येतो, सकाळी सायलेन्सरमधनं थेंब पडतात ते तेच. बहुतेक वाफ होऊन बाहेर जातं पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली चेंबरमधे उतरते. त्यात गार इंजिन असताना पेट्रोल जरा जास्त सोडलं जातं, ते सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरनं ओघळून ऑईलमधे मिसळतं. आता ऑईल नीट गरम झालं आणि अर्धा-पाऊण तास गरम राहिलं तर हे पाणी, हे पेट्रोल परत उडून जातं, इंजिन ते ओढून घेऊन जाळून टाकतं. पण गाडी पाच किमीवर बंद केली तर ते आतच राहतं. आणि टेंपरेचरचा काटा मधे आला म्हणजे ऑईल गरम झालं असं समजू नका, तो काटा कूलंटचा, ऑईलला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

मग त्या पाण्यात आणि जळालेल्या वायूत मिळून आम्ल तयार होतं. ऑईलमधे ते मारायला कॅल्शियमची वगैरे द्रव्यं घातलेली असतात, काजळी तरंगत ठेवायला वेगळी, झीज थांबवायला जस्त-फॉस्फरसवालं वेगळं. हे सगळं थोडं थोडं करून खर्च होतं. त्यामुळं ऑईल "संपतं" म्हणजे तेल संपत नाही, त्यात घातलेली ही सामग्री संपते. गाडी कमी चालली तरी आत आम्ल आणि ओल बसलेली असतेच, म्हणून कंपन्या किमीबरोबर महिने पण लिहितात, ते धंद्यासाठी नाही.

दुसरी बाजू उष्णतेची. भज्याच्या कढईतलं तेल दिवसभर तापवलं की घट्ट आणि चिकट होतं तसंच हे, हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून जाड होत जातं. रसायनशास्त्रात ढोबळ नियम आहे की दर १० अंशाला असल्या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. टर्बोच्या गाडीत हा त्रास जास्त कारण टर्बोजवळ ऑईल फार तापतं.

आता सोलापूरपुरतं बोलायचं तर परदेशातले व्हिडिओ बघून घाबरू नका. तिकडं बर्फात इंजिन वजा पाच-दहा अंशावरनं सुरू होतं, त्यांच्या छोट्या फेऱ्या फार वाईट. आपल्याकडं थंडीत पण सकाळी १४-१५ च्या आसपास असतं आणि मे महिन्यात तर सावलीत ४२-४३, गाडी सुरू व्हायच्या आधीच ऑईल कोमट. त्यामुळं आपला छोट्या फेऱ्यांचा तोटा आहे, पण तितका भयंकर नाही. पावसाळ्यात मात्र ऑईलच्या झाकणाला आतनं पांढरट लोणी लागलेलं दिसतं कधी कधी, ते बऱ्याचदा याच ओलीचं असतं, एक लांब चक्कर मारली की जातं. पट्टीवरचं ऑईलच दुधाळ दिसलं आणि कूलंट पण कमी होत असेल तर मात्र विषय वेगळा, हेड गॅस्केट तपासा.

तुमचं १४ महिन्यांचं ऑईल लगेच इंजिन खाईल असं नाही, दोन महिन्यात काही होत नाही. पण १०,००० पर्यंत थांबायचं म्हणजे तुमच्या वेगानं अजून सव्वा वर्ष. ते करू नका.

आणि रंगाचं राहिलं. तपकिरी, काळं यावरून काही ठरवू नका. ऑईलमधली साफसफाईची द्रव्यं नीट काम करतात तेव्हाच काजळी उचलली जाते आणि ऑईल काळं दिसतं. डिझेलला तर बदलून गॅरेजमधनं घरी येईपर्यंत काळं होतं, म्हणून ते काय लगेच खराब झालं का?

कडक_भाकरी

सर एवढं कॉलेजात शिकवलं असतं कुणी तर पास झालो असतो.

सिद्धेश्वर_पेठ

ते २०डब्ल्यू-५० चं कुणीच बोललं नाही. माझा पण मिस्त्री हेच सांगतो, पातळ ऑईल पाण्यासारखं आहे, आपल्या उन्हात चालत नाही, पुण्या-मुंबईला ठीक आहे.

डाईंगवाला

ऊन बाहेर ४३ असलं तरी इंजिनच्या आतलं तापमान बऱ्यापैकी थर्मोस्टॅट आणि फॅन धरून ठेवतात, कूलंट सोलापुरात पण नव्वदीच्या आसपास आणि महाबळेश्वरला पण. नंबरातला पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, तो गार असताना ऑईल किती पटकन धावतं त्याचा, जितका लहान तितकं गार असताना चांगलं वाहतं. मागचा आकडा गरम झाल्यावरचा जाडपणा, तो १०० अंशाला मोजतात. म्हणजे ५डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-५० मधे गरम असताना पण बराच फरक राहतो.

नव्या इंजिनांच्या बेअरिंगमधल्या फटी, व्हॉल्व टायमिंग बदलणारी यंत्रणा, सगळं पातळ ऑईल धरून बनवलंय. ही यंत्रणा (व्हीव्हीटी) तर ऑईलच्या दाबावरच हलते. त्यात जाड ऑईल घातलं की सकाळी सुरू केल्यावर वरपर्यंत पोचायला उशीर, आणि झीज त्याच पहिल्या काही सेकंदात जास्त होते, वर अॅव्हरेज पण पडतं. पुस्तकात बहुतेक वेळा बाहेरच्या तापमानाप्रमाणं ग्रेडचा तक्ता दिलेला असतो, त्यात आपल्या तापमानाला दोन ग्रेड चालतात असं लिहिलं असेल तर त्यातलं जाड घ्या, हरकत नाही. तक्त्याच्या बाहेर जाऊ नका. डब्यावर ऑईलच्या दर्जाचं एपीआयचं अक्षर पण बघा, पेट्रोलला एसएन किंवा त्याच्या नंतरचं एसपी. पुस्तकात एसएन असेल तर एसपी चालतं, उलटं नाही.

पाना_नंबर_१४

हे मान्य. २०डब्ल्यू-५० आमच्याकडं जुन्या गाड्यांना टाकतो, घासलेलं इंजिन, ऑईल खायलाय, बोरिंगला (इंजिन काढून सिलिंडर नव्यानं घासून घ्यायला) पैसे नाहीत, अशाला जाड ऑईल टाकून अजून सहा-आठ महिने ढकलतात लोक. २०१९ च्या वॅगनआरला कशाला? ज्या मिस्त्रीनं सांगितलं त्याच्याकडं ड्रम आला असेल २०डब्ल्यू-५० चा. आमच्यातले काहीजण एकच ड्रम आणतात आणि पद्मिनीपासनं नेक्सॉनपर्यंत सगळ्यांना तेच पाजतात, खोटं कशाला बोला.

डीपीएफग्रस्त

डिझेलवाल्यांसाठी पण एक लिहून ठेवतो, बीएस६ (धुराच्या नव्या नियमातली) डिझेल ज्यांच्याकडं आहे त्यांनी वाचा. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ येतो, सायलेन्सरच्या लाईनीतला काजळी धरणारा फिल्टर. तो भरला की गाडी आपोआप ज्यादा डिझेल सोडून तो तापवून जाळते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग पळावी लागते. गावात दर वेळी ते जाळणं अर्धवट सुटलं की बऱ्याच गाड्यांत ते ज्यादा डिझेल भिंतीवरनं ओघळून चेंबरमधे. माझ्या गाडीची पट्टी बघितली तर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं, वरच्या खुणेच्या वर! मी आधी खूश झालो की ऑईल खातच नाही गाडी. ते डिझेल मिसळलेलं होतं. असं झालं की किमी किती, महिने किती काही बघायचं नाही, बदलायचं. आणि ऑईल पण डीपीएफला चालणारंच, कमी राखेचं, डब्यावर एसीईए सी२, सी३ असा काहीतरी दर्जा लिहिलेला असतो, पुस्तकात जे असेल ते. साधं टाकलं की त्याची राख डीपीएफमधे कायमची बसते, ती जळत नाही.

आता मी ठरवून तुळजापूरला जातो मधनं मधनं. चार पदरी रस्ता, एका गिअरला सलग गाडी पळवली की दिवा विझतो. बायको म्हणते एवढी भक्ती कधीपासनं, आता तिला कोण सांगणार डीपीएफचं.

मोहोळकडचा

देवीला कळतंय सगळं.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार, बदलून घेतोच या आठवड्यात. दोन-तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. सर्व्हिस सेंटरच्या यादीत इंजिन फ्लश, ऑईलमधे टाकायचं कसलं तरी अॅडिटिव्ह, थ्रॉटल क्लिनिंग असं बरंच लिहिलंय, ते घ्यायचं का? आणि डबा बाहेरनं मी स्वतः घेऊन बाहेर गॅरेजला केलं तर चालतं का?

पाना_नंबर_१४

फ्लश नको. वेळेवर ऑईल बदलणाऱ्या गाडीला फ्लशची गरजच नाही, आणि ज्या गाडीत आधीच डांबर झालंय तिला फ्लश टाकला तर डांबराचे तुकडे सुटून जाळीला बसायची भीती, मग तर नकोच नको. अॅडिटिव्ह पण नको, वर त्या सरांनी सांगितलं की सगळी सामग्री ऑईलमधे आधीच घातलेली असते, वरनं आपण अजून घालून कशाला बिघडवा. थ्रॉटल बघून ठरवा, आयडलिंग नीट असेल तर दर वेळी लागत नाही. ऑईल फिल्टर मात्र दर वेळी नवा, तिथं शंभर-दोनशे वाचवू नका. एअर फिल्टर काढून उन्हाकडं धरून बघा, उजेड आरपार दिसत नसेल तर बदला, आपल्याकडं पुस्तकात दिलंय त्याच्या आधीच बदलावा लागतो.

बाहेर करायचं तर करा, पण वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर बिलं जपा, रिडिंग आणि तारीख बिलावर लिहून घ्या. तुमची २०१९ ची आहे, बहुतेक संपली असेल, तरी बघून घ्या.

काम करताना उभं राहा. इंजिन जरा गरम असताना ऑईल उतरवायचं, गार ऑईल पूर्ण उतरत नाही, आणि पार निथळेपर्यंत थांबायचं, घाई करणारा मिस्त्री धार बारीक झाली की बोल्ट लावतो. ड्रेन बोल्टची वायसर नवी टाकायला सांगा, जुनीच टाकली की महिन्याभरानं खाली फरशीवर डाग. बोल्ट बेताचा आवळायचा, चेंबर बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचं, पान्याला पाईप लावून आवळला की आटे गेले. मग पुस्तकात दिलंय तेवढंच ऑईल, तुमच्या गाडीला तीन लिटरच्या थोडं वर लागतं, डब्यात साडेतीन असलं म्हणून साडेतीन ओतायचं नाही. जास्त झालं तर क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) त्यात बुडून फेस करतो, फेसाचं ऑईल काही कामाचं नाही, सीलातनं पण गळायला लागतं.

भरल्यावर गाडी दोन मिनिटं चालू करा, बंद करून पाच-दहा मिनिटं सपाट जाग्यावर थांबा, मग पट्टी पुसून परत घालून बघा. वरच्या खुणेच्या किंचित खाली, बास. नंतर पण महिन्यातनं एकदा पट्टी बघत जावा, दर सर्व्हिसला बघणारे लई असतात, मधे कुणी बघत नाही. आणि कधी चालताना डॅशबोर्डवर ती लाल किटली पेटली तर पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ म्हणायचं नाही, जिथं असाल तिथं बाजूला घेऊन बंद करायची गाडी. तो दिवा ऑईल कमी असल्याचा नव्हे, प्रेशर गेल्याचा असतो, त्याच्यानंतर मिनिटं पण लई होतात.

पुणे_अपडाऊन

डबा नीट दुकानातनं घ्या, बिल घ्या. हायवेच्या कडेला टपरीवर कुणी तोच डबा चारशे रुपयानं स्वस्त देतोय म्हणला की समजायचं आत काय असेल. ऑईल भरून झालं की रिकामा डबा मी तिथंच स्क्रू ड्रायव्हरनं भोसकतो, झाकण वेगळं फेकतो. चांगल्या डब्यांना गिऱ्हाईक असतं, ते परत भरतात आणि आपल्यालाच विकतात.

कडक_भाकरी

हेच ऑईल उरलेलं अर्धा लिटर स्प्लेंडरला टाकलं तर? नाहीतर वाया जायचं.

डाईंगवाला

नको. मोटारसायकलचा क्लच ऑईलमधेच बुडालेला असतो, कारच्या पातळ ऑईलमधे घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, क्लच घसरायला लागेल. बाईकच्या डब्यावर दर्जा म्हणून जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं ते घ्या. स्कूटरला एमबी असतं, तिचा क्लच कोरडा. उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवा, टॉपअपला लागेल.

सिद्धेश्वर_पेठ

आणि उतरवलेलं ऑईल? आमच्या गल्लीत एकजण गटारीत ओततो सरळ.

पाना_नंबर_१४

ते घातक कचऱ्यात मोडतं कायद्यानं, गटारीत ओतणं गुन्हाच हाय. आमच्याकडं ड्रममधे साठवतो, ज्याच्याकडं परवाना हाय तो गोळा करून नेतो, परत शुद्ध करायला. सेंट्रिंगवाले पण मागायला येतात प्लेटांना लावायला, सुतार येतात वाळवीला, आता देत नाय. हाताला लावून घ्यायची चीज नव्हे ती, काळं ऑईल अंगाला वाईट, आम्हीच हातमोजे घालायला उशिरा शिकलो.

मोहोळकडचा

आमच्याकडं बैलाच्या शिंगाला लावायचे पूर्वी. आता बैलच नाहीत म्हणा. जुळे सोलापूरवाले, रिडिंगबरोबर तारीख पण चिकटवा हो काचेवर, ते स्टिकर देतात त्याच्यावर नुसतं पुढचं किमी लिहितात, पुढचा महिना लिहितच नाहीत.